पुढे माहिती नाही

वहीत काही लिहिण्याआधी ते पेन्सिलीचं टोक जिभेवर टेकवायचे. साधी पेन्सिल नव्हे. ओली झाली की जांभळी उमटणारी, पूर्वी पोस्टात असायची तसली. त्यामुळे त्यांच्या जिभेच्या मधोमध कायम एक जांभळा डाग असे. समोरच्यानं वडिलांचं नाव सांगितलं की जीभ बाहेर, पेन्सिल ओली, नाव कागदावर, आणि लगेच मान वर करून विचारणार, "आणि त्यांच्या आधी?"

मला त्या जिभेची किळस यायची. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुमची फसगत नको. माणसांबद्दल लिहिणारे बहुतेक जण प्रेमळ असतात, मी तसा नाही. मला उष्ट्या चमच्याची किळस येते, बसमधल्या शेजाऱ्याच्या घामाची येते, लिफ्टच्या भिंतीवरच्या पिचकारीची येते. आणि त्या म्हाताऱ्या नवरा-बायकोची तर इतकी यायची, की ती नक्की कशाची येते आहे हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

नोएडा तेव्हा अर्धं शहर आणि अर्धं शेत होतं. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे मोहरी फुलायची आणि पुढच्या फाटकासमोर गाड्यांचं शोरूम उभं राहत होतं. सेक्टरांना नावं नव्हती, नुसते आकडे होते, आणि तिथं राहायला आलेल्या माणसांनाही मागचं काही नकोच होतं. कुणी करोलबागेतल्या दोन खोल्या सोडून आलेलं, कुणी सरकारी क्वार्टर, कुणी जुन्या दिल्लीतली गल्ली. आल्याबरोबर सगळ्यांनी सोफे नवे घेतले आणि घराण्याच्या गोष्टीही नव्या केल्या. मी एका सरकारी कचेरीत मराठीचं हिंदी आणि हिंदीचं मराठी करायचो. सकाळी चार्टर्ड बसनं कस्तुरबा गांधी मार्गाला जायचं, संध्याकाळी परत यायचं. शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मराठी माणूस सरळ असतो असा तिथल्या लोकांचा समज होता, म्हणून ते पद माझ्याकडे आलं होतं.

हे दोघं आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं आले. दोघांनीही पासष्टी ओलांडलेली. ते नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत गणिताचे मास्तर होते आणि बाई त्याच मिशनच्या दवाखान्यात नर्स. निवृत्त झाल्यावर मिशननं त्यांना काही वर्षांसाठी दिल्लीकडे सेवेला पाठवलं होतं. ते चर्चचे पाळक वगैरे नव्हते, पण सोसायटीनं पहिल्याच दिवशी त्यांना 'फादर साहब' करून टाकलं. ते मात्र बायकोला दवाखान्यातल्या जुन्या सवयीनं 'सिस्टर' म्हणायचे. फादर जिची बायको म्हणून ओळख करून देतो तिलाच सिस्टर म्हणतो, हे कोडं आमच्या प्रेसिडेंटसाहेबांना शेवटपर्यंत सुटलं नाही. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "सेक्रेटरी साहब, आपके तरफ़ के लोग हैं, ज़रा पता कीजिए चक्कर क्या है."

पता करायला मला जावं लागलं नाही. सामान लागायच्या आधीच ते माझ्या दाराशी उभे होते आणि पाटीवरचं आडनाव मोठ्यानं वाचत होते.

"सलाम," ते म्हणाले. "या नावाचं आमचं मूळ गाव आहे. तुम्ही तिथलेच का?"

"नाही, ते वेगळं. आम्ही मूळचे पुण्याचे."

"आणि त्याच्या आधी?"

"आधीपण पुण्याचेच."

त्यांनी मान डोलावली. पेन्सिल मात्र कानामागून काढून हातात घेतलेली होती, ती परत ठेवली नाही.

त्यांचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. हवा यावी म्हणून दार सताड उघडं, आणि आत दोघांची मोठ्यानं प्रार्थना. देवाशी ते असे बोलायचे, जणू तो पलीकडच्या खोलीत दाढी करतो आहे. नातवाचा ताप, प्रेसिडेंटसाहेबांच्या आईची कंबर, भाजीवाल्याची हरवलेली सायकल, सगळं त्याला नावानिशी सांगायचे. एकदा मी पेपर घ्यायला दार उघडलं तर माझंच नाव चाललेलं होतं. माझ्या वतीनं देवाकडे कुणी परस्पर बोलणी करावी हे मला अजिबात आवडलं नाही. मी दार आपटलं.

मग बाई पितळेची पेटी घेऊन बांधकामांवर जायच्या. सेक्टरभर इमारती उठत होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या झोपड्यांतून मजूर राहत होते. कुणाच्या पायात खिळा, कुणाचे हात चुन्यानं फाटलेले. एकदा बससाठी जाताना मी पाहिलं. बाई एका मजूर बाईचा तळपाय मांडीवर घेऊन चिमट्यानं जखमेतल्या अळ्या काढत होत्या, आणि काढता काढता विचारत होत्या, "घर में कौन कौन है?" मास्तर शेजारी विटेवर बसून वहीत लिहीत होते. मजुरणीनं सासऱ्याचं नाव सांगितलं. यांनी जीभ बाहेर काढली. त्या दिवशी मला डबा खाववला नाही.

जखमांच्या पट्ट्या बाई घरी आणून उकळायच्या आणि बाल्कनीत वाळत घालायच्या. उकळल्या तरी त्यांच्यावर पिवळट डाग राहायचेच. शेजारच्या बाल्कनीत कुणाची तुळस, कुणाचं नवं वॉशिंग मशीन, आणि मधे या पट्ट्या. तक्रार आली तेव्हा मी बाईंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "धुतलं की संपलं, भाऊ." कुठल्याही घाणीवर त्यांचं हे एकच उत्तर असे. मी नोटीस बोर्डावर कागद लावला, बाल्कनी में मेडिकल कपड़े न सुखाएँ.

दुसरी तक्रार वासाची होती. नगरहून कुणी आलं की त्यांच्यासाठी सुकट आणायचं, आणि शनिवारी दुपारी ती तव्यावर भाजली जायची. सगळा जिना वासानं भरायचा. वरच्या मजल्यावरून बायका नाकाला पदर लावून खाली उतरायच्या. मीही लिफ्टची वाट बघताना रुमाल नाकाशी धरायचो. आणि रुमालाच्या आत माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं असायचं. त्या पाण्याची मला जितकी शिसारी आली तितकी त्या अळ्यांचीही आली नव्हती.

आता ते का, हे सांगायला हवं. माझे आजोबा गावकुसाबाहेरचे. तरुणपणी पलटणीत गेले आणि गाव सुटलं. वडील शिकले, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीला लागले, आणि लागताना जुनं आडनाव टाकून गावाच्या नावाला 'कर' जोडून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते म्हणायचे. चौदा एप्रिलला संध्याकाळी ते दारं-खिडक्या लावून एकच मेणबत्ती पेटवायचे, आम्ही तिघं हात जोडून उभे राहायचो, आणि ती विझली की फरशीवर सांडलेलं मेणही वडील पातं घेऊन खरवडून काढायचे. सुकट घरात येणं बंद झालं ते आडनाव बदललं तेव्हाच. वडील गेल्यावर मी मेणबत्तीही बंद केली. बायकोला माहीत होतं, ती आमच्यातलीच. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला काही सांगितलेलं नव्हतं. सोसायटीत तर मी सकाळी सोवळं नेसून पूजा करणाऱ्यांच्या पंक्तीत बसत होतो, आणि नाकानं कांदे सोलण्यात त्यांच्यापेक्षा दोन पावलं पुढं होतो.

त्यांची वही लांबट, लाल पुठ्ठ्याची होती. सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटला त्यांनी एकेक पान दिलं होतं. लोक त्यांना कशाला काही सांगतील, असं तुम्ही म्हणाल. पण प्रत्येक घरात एक म्हातारं माणूस असतं, त्याला टीव्हीसमोर बसवून ठेवलेलं असतं, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. हे दोघं जाऊन विचारायचे. बाई कंबरेला तेल चोळायच्या आणि हे म्हणायचे, "और उनके पहले?" की म्हातारी माणसं सुटायची. फाळणीआधीची गावं, मेलेले दीर, विकलेल्या म्हशी, काहीही.

एकदा ते आमच्याकडे चहाला आले आणि मी न विचारता स्वतःचं सांगत बसले. आवाज नेहमीचाच, प्रार्थनेतला, म्हणजे जिन्यापर्यंत जाणारा.

"आमचं घर महारवाड्यातलं तिसरं. दुष्काळात माझ्या वडिलांना आज्ज्यानं मिशनच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं. सात वर्षांचं पोर. तिथं भाकरी मिळाली, अक्षर मिळालं, प्रभू मिळाला. धाकटा भाऊ गावातच राहिला. पुन्हा दोघांची गाठ नाही. वडील जाताना मला म्हणाले, धाकट्याचं बघ. चाळीस वर्षं बघतोय."

त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. डावीकडे त्यांची फांदी भरगच्च, अगदी नातवंडांपर्यंत. उजवीकडे एकच ओळ होती. 'धाकटे चुलते. पलटणीत गेले. पुढे माहिती नाही.' तिच्यावर धाकट्या चुलत्यांचं नाव होतं.

ते माझ्या आजोबांचं नाव होतं.

बायकोनं ट्रे टेबलावर ठेवला तो जरा जोरातच ठेवला. मी म्हणालो, "फार जुन्या गोष्टी आहेत. आता कुठून मिळणार." आणि बिस्किटं पुढं केली. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून पडलं, ते बोटानं काढून खाल्लं. मी भिंतीकडे बघत बसलो.

माझी आई आतल्या खोलीत होती, ती हे ऐकत असेल असं माझ्या ध्यानातही आलं नाही. एव्हाना तिला नीटसं दिसेनासं झालं होतं. हिंदी तिला उभ्या जन्मात आलं नाही, चौथ्या मजल्यावरून खाली जायचं तर वीज गेली की लिफ्ट बंद. नातीशी बोलायचं तर नात निम्मं हिंदीत बोलणार. आई दिवसभर बाजेवर बसून बोटं मोडायची. बाई तिचं ब्लडप्रेशर बघायला येऊ लागल्या तेव्हा मी विरोध केला नाही, कारण फुकट होतं. मग एक दिवस आईच समोर जाऊ लागली, भिंतीला हात लावत लावत. दुपारची जायची, मी यायच्या आत परत यायची. हे मला फार उशिरा कळलं.

कळलं तो शनिवार होता, मी लवकर घरी आलो होतो. आई खोलीत नव्हती. समोरचं दार नेहमीप्रमाणे उघडं. आत आई जमिनीवर मांडी घालून बसलेली, पुढ्यात भाकरी आणि सुकटीची चटणी, ओठ तेलकट झालेले, आणि ती हसत होती. आईला असं हसताना मी वडील असतानाही पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं वडिलांनी तिच्या तोंडाला लावलेलं कुलूप एका सुकटीनं उघडलं होतं.

हे खुर्चीत बसले होते. मांडीवर वही, गालांवर पाणी. मला पाहून उठले आणि माझे दोन्ही दंड धरले.

"अरे, तू माझ्या चुलतभावाचा मुलगा. समोरासमोर राहतो आपण दोन वर्षं, आणि तू मला पुणं सांगतोस?"

त्या 'अरे'नं माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी हात सोडवले आणि आधी त्यांचं दार लावून घेतलं. ते दार लागलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"हे पान फाडा," मी म्हणालो.

"लिहिलेलं मी फाडत नाही. कुणाचंच."

"माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय. इथं कुणाला माहीत नाही. तिलाही नाही."

"मग तिला सांग ना. काय वाईट आहे त्यात? आज्जा वेशीवर जागायचा, गाव झोपायचं. चांगलं काम होतं."

"तुम्हाला चांगलं वाटेल. तुम्ही धर्म बदलून मोकळे झालात."

बाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या आता." आईनं हात ताटातच धुतला, पदराला पुसला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "माझीच चूक झाली रे." मी तिला दंडाला धरून घरी आणलं. बायकोला सांगितलं, आईला आता समोर पाठवायचं नाही.

महिन्याभरात प्रकरण वेगळ्याच बाजूनं पेटलं. प्रेसिडेंटसाहेबांना कुणीतरी सांगितलं, की फादर प्रत्येक फ्लॅटची यादी करतोय, धर्म बदलायला. पट्ट्या होत्याच, वास होताच, त्यात आता यादी. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग बोलावली. दोघं आले, धुतलेले कपडे घालून, पहिल्या रांगेत बसले. वही मागितली तर लगेच देऊन टाकली.

प्रेसिडेंटसाहेबांनी ती माझ्या हातात दिली. "मराठी में है. आप तो ट्रांसलेटर हैं, सबको पढ़कर सुनाइए."

मी वही उघडली. सगळ्यात जास्त हाताळलेलं पान आपोआप उघडलं. जांभळ्या अक्षरांत आजोबा, आजोबांखाली वडील, वडिलांखाली मी, माझ्याखाली माझी मुलगी. वर गावाचं नाव, वाड्याचं नाव, घर तिसरं. चाळीस वर्षांनी सापडलेल्या माणसांभोवती त्यांनी पट्टीनं सुबक चौकट आखली होती.

मी वही मिटली. "लिखावट साफ़ नहीं है," मी म्हणालो. "मुझसे पढ़ी नहीं जाएगी."

गणिताच्या मास्तरांचं अक्षर ते, छापल्यासारखं. खाली मोलकरणींच्या मुलांना ते पाट्यांवर कित्ते घालून द्यायचे, सगळ्या सोसायटीनं पाहिलेलं होतं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिल्या.

तेव्हा ते उठले. "लाइए, मैं पढ़ता हूँ. सब सुनेंगे तो समझ जाएँगे, इसमें बुरा कुछ नहीं है."

त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. खरं मोठ्यानं वाचलं की माणसांचा राग जातो, अशी समजूत असलेला दुसरा माणूस मला अख्ख्या दिल्लीत भेटलेला नाही. त्यांनी पहिलं पान प्रेसिडेंटसाहेबांचंच काढलं. लाहोरमधली हवेली गेली म्हणून दर पार्टीत हळहळणारे हे गृहस्थ.

"इनके दादाजी," ते कौतुकानं वाचू लागले, "लाहौर स्टेशन के बाहर छोले का खोमचा लगाते थे. माताजी कहती हैं, उन छोलों की बहुत तारीफ़ थी."

कुणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. ते हसणाऱ्याकडे प्रेमानं पाहून पुढचं पान उलटते झाले. मिशांना पीळ देणाऱ्या ठाकूरसाहेबांचे आजोबा गावात बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमच्या नानीची दोन लग्नं झाली होती. "दोनों अच्छे आदमी थे," त्यांनी ग्वाही दिली. प्रत्येक वेळी मान वर करून ते ज्याचं त्याचं तोंड शोधायचे, बक्षीस देताना शोधावं तसं. आणि प्रत्येक तोंड आधीच्यापेक्षा जास्त लाल झालेलं असायचं.

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, बास." पण त्यांना थांबवणं कुणाला जमलं नसतं.

ठाकूरसाहेब ओरडले, "सबका सुना दिया, अपने सेक्रेटरी का भी सुनाओ."

मी उभा होतो तिथून मला पान दिसत होतं, चौकटीसकट. त्यांनी ते उघडलं. बराच वेळ पाहिलं. जीभ बाहेर आली, ओठांवरून फिरली, आत गेली. मग ते म्हणाले, "ये कोरा है. उन्होंने कुछ बताया नहीं."

बाईंनी झटकन मान वर केली. प्रेसिडेंटसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "देखा? समझदार आदमी है. ऐरे-गैरे के सामने घर की बात नहीं खोलता."

मला त्या क्षणी लाज वाटली, असं लिहायला आवडलं असतं. पण खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं. जुलाब थांबल्यावर वाटतं तसं, पोटातून बरं वाटलं.

एका महिन्यात जागा सोडावी, असं एकमतानं ठरलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा ज्यांचा धर्म, त्यांचं एकमत चटकन होतं. नोटीस मी लिहिली. सही सेक्रेटरीची असते, ती मी केली, आणि समोरच्या दारावर घंटा वाजवून दिली. दार बंद होतं. दुसऱ्या दिवसापासून पहाटेची प्रार्थनाही दार लावून होऊ लागली. काय म्हणत होते ते मला कळत नव्हतं. मी पेपर घेताना जरा थांबायचो, पण नुसती कुजबुज ऐकू यायची.

टेम्पो आला त्या दिवशी आई भिंत धरत दारापर्यंत गेली. बाईंनी तिच्या हातात चटणीची बरणी दिली, झाकणावर फडकं बांधून. दोघी एकमेकींची मनगटं धरून उभ्या राहिल्या. ते माझ्यासमोर आले. मला वाटलं, आता 'अरे' म्हणतील. मी तयारीत होतो.

"सलाम, सेक्रेटरी," ते म्हणाले. "आईंना सांभाळा. त्यांचा डावा डोळा दाखवून घ्या."

ती बरणी आईनं पुरवून पुरवून खाल्ली. खाताना ती खोलीचं दार लावून घ्यायची. मला पाहून नव्हे, सवयीनं.

पुष्कळ वर्षं गेली. मोहरीच्या शेतावर मॉल आला, रस्त्यामधून मेट्रोचे खांब उभे राहिले, मुलीचं लग्न झालं, थाटात झालं, चांगल्या घरात झालं. आईचे दोन्ही डोळे गेले. मग एका दुपारी नगरहून पाकीट आलं. आत एक पातळसं छापील पुस्तक, कुळाचा वृत्तांत, आणि बाईंचं पत्र. ते हिवाळ्यात गेले होते. बाईंनी लिहिलं होतं, 'पुस्तकाची शेवटची तपासणी त्यांनीच केली. तुमच्या जागी काय छापायचं असं पुतण्यानं विचारलं, तर म्हणाले, पहिल्यांदा होतं तसंच. वही माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणालात तर पान पाठवीन. त्यांनी ते फाडलेलं नाही.'

मी ते पान मागवलं नाही. हेही सांगून टाकतो.

पुस्तक चाळत असताना आईनं कागदाचा आवाज ओळखला. कुठून आलं, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती बाजेवर सरळ होऊन बसली, पदर नीट केला.

"आपलं आलंय ना त्यात?"

पान माझ्यापुढं उघडं होतं. डावीकडे त्यांची फांदी, आता पणतवंडांपर्यंत गेलेली. उजवीकडे आजोबांचं नाव आणि त्याखाली, 'पलटणीत गेले. पुढे माहिती नाही.' मी जे जन्मभर मागितलं होतं, ते त्यांनी सुबक छापून दिलं होतं. खाली पानभर पांढरी जागा होती, आणि तिच्याकडे बघून मला ओकारी येईल असं वाटलं.

"आलंय," मी म्हणालो.

"वाच की मग."

त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून मी वाचायला लागलो. आजोबांचं नाव, मग वडिलांचं, जुन्या आडनावासकट. वडिलांशेजारी आईचं. मग माझं, बायकोचं, मुलीचं. वर गावाचं नाव. घर तिसरं. आई प्रत्येक नावाला मान हलवत होती, तोंडातल्या तोंडात माझ्यामागून म्हणत होती.

"चांगलं लिहिलंय रे त्यांनी," ती म्हणाली. "नीट ऐकू नाही आलं. पुन्हा वाच. जरा मोठ्यानं."

मी उठलो, आधी खिडकी लावून घेतली, आणि मग मोठ्यानं वाचलं.